गार्ड झोपे

आडनाव झोपे, आणि अण्णा मालगाडीचे गार्ड.
भुसावळच्या रनिंग रूममध्ये
चौतीस वर्षं हा एकच विनोद चहाबरोबर फिरला.
अण्णा हसायचे, कप विसळून पालथा घालायचे
आणि सावद्याची केळी दिल्लीला निघाली की
शेवटच्या डब्यात
दिल्लीकडे पाठ करून बसायचे.

निवृत्तीच्या आधी कागद आला:
यापुढे गार्ड म्हणायचं नाही, ट्रेन मॅनेजर.
त्यांनी त्याची चौघडी केली
आणि लाइन बॉक्सात ठेवली, झेंड्यांच्या खाली.

आता रेल्वे हॉस्पिटल, वॉर्ड नंबर तीन.
फॉर्म भरणाऱ्यानं मान वर न करता विचारलं, गार्डियन?
मी म्हटलं, मी.
मग रात्रभर तो शब्द दातात अडकलेल्या
ज्वारीच्या फोलासारखा.
सलाईनचे थेंब मोजून झाले, तेव्हा कोश उघडला.

कोश सांगतो, वॉर्ड आणि गार्ड सख्खे भाऊ.
कुण्या फ्रँक टोळ्यांचं क्रियापद,
अर्थ साधाच: बघत राहणं.
ते फ्रान्सात शिरलं, तिथल्या जिभांना पहिला व पेलेना,
त्यांनी त्याला ग चा टेकू दिला.
उत्तरेकडच्या नॉर्मन लोकांनी व तसाच ठेवला,
म्हणून इंग्रजांच्या दारी तो दोनदा आला,
एकदा असा, एकदा तसा,
आणि भावांनी एकमेकांना ओळख दिली नाही.

मला हे लगेच पटलं.
चौथीत बाईंनी बाकावर उभं केलं होतं:
केयी नाही, केळी. डोया नाही, डोळा.
आमच्या जिभेला ळ जड,
आम्ही तिथे य ठेवतो आणि पुढच्या वाक्याला लागतो.
अशाच एका अडखळण्यावर
अर्धा युरोप पहारा देतो, हे बाईंना
कुणी सांगितलं नसावं.

पोर्तुगालात छत्री म्हणजे पाऊस-गार्ड.
स्पेनमध्ये तो वस्तू कपाटात जपून ठेवतो,
तुर्कस्तानात तुरुंगाच्या किल्ल्या कमरेला लावतो,
रशियात पलटणीत भरती झालेला.
इटलीत मात्र अजून नुसता बघतो.
गार्डन त्यांच्यातलं नाही.
ते कुंपणाच्या घराण्यातलं, नावापुरतं सारखं.
आणि शत्रू गारद होतो तो गारद निराळा,
लुटीचा, फारसीतून आलेला म्हणे.
आपल्या दारात उभी राहिली ती गारद यांचीच लेक;
तिच्यातून गारदी निघाले,
आणि पुण्यात एकदा, ज्याला राखायचं
त्याच्यावरच त्यांनी तलवार उपसली.
शब्दाचाही डोळा लागतो कधी कधी.

लहानपणी विचारलं होतं,
अण्णा, रात्रभर मागे बसून करता काय?
"पाह्यतो."
काय?
"रूय. मांगे गेलेले रूय."
मग बऱ्याच वेळानं, सुपारी कातरता कातरता,
"गाडी मधून तुटली त पुढच्याले उशिरा कयते.
मांगच्याले आधी."

पहाटे तीनला यार्डात शंटिंगचा धक्का,
डब्यामागून डब्याला पोचत गेलेला.
चादरीतून अण्णांचा हात निघाला,
आडवा, सावकाश हलला,
बोटांत नसलेला दिवा घेऊन.
"जागी हायेस का वं?"
हो अण्णा.
"मंग मी झोपतो जरासा."

खिडकीबाहेरून एक मालगाडी गेली.
शेवटी माणसाचा डबा नव्हता,
कपलिंगला टांगलेली लाल पेटी लुकलुकत होती.
मी स्टूल फिरवून घेतला.
अण्णांचा श्वास वर जायचा, थांबायचा,
खाली यायचा.
बघत राहिले.